हार घातलेला हत्ती

मालिनी दाबकेला चारचौघांत आवाज चढवताना मी बारा वर्षांत एकदाच ऐकलं. ते एकदासुद्धा उशिराच. त्या उशिराचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी मध्येच भडकले तर कुणी दचकू नये.

मी शैला. न्यू जर्सीत आयसेलिनला, ओक ट्री रोडवर, मालिनीची ‘दाबके ट्रॅव्हल्स’ नावाची एजन्सी होती. तिथे आठवड्याचे चार दिवस मी तिच्या शेजारच्या टेबलाशी बसून तिकिटं लिहायचे. तेव्हा त्या रस्त्यावर आपली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी. एक किराणावाला, एक साड्यांचं दुकान आणि त्यांच्या मधोमध आमची खोली. दोन टेबलं, एक टेलेक्स आणि गिऱ्हाइकांसाठी चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी.

मालिनी मूळची परतवाड्याची. वडील जंगल खात्यात कारकून. मोठे साहेब मेळघाटात मुक्कामाला आले की तंबू ठोकण्यापासून अंघोळीचं पाणी तापवण्यापर्यंत सगळी व्यवस्था तिच्या वडिलांकडे, आणि काही बिनसलं की बोलणीही त्यांनाच. एकाहत्तर साली लग्न होऊन ती इथे आली. नवरा विनय औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो सकाळी सातला घराबाहेर पडायचा आणि ही खिडकीतून बर्फ बघत बसायची. कंटाळून तिने मॅनहॅटनमध्ये एका तिकीट-एजंटाकडे नोकरी धरली, आठ-नऊ वर्षं बसने ये-जा केली आणि ऐंशी साली स्वतःची एजन्सी काढली. कुणाच्या आईला व्हीलचेअर लागते, कुणाला जैन जेवण, कोण खिडकीशिवाय बसत नाही, सगळं तिच्या डोक्यात. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. गिऱ्हाईक कितीही वेडंवाकडं बोललं तरी तोंडातून ब्र काढायची नाही, पण राग आला की पेन्सिलींना टोक काढत बसायची. काही दिवशी संध्याकाळपर्यंत डबाभर पेन्सिली सुयांसारख्या व्हायच्या. मी फोन आपटणारी. म्हणून गिऱ्हाइकांशी ती बोलायची, मी तिकिटं लिहायचे.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक आपले डॉक्टर आणि त्यांचे नातेवाईक. नायगारा झाला, डिस्ने झालं, सतरा दिवसांत बारा देश झाले. मग पंच्याऐंशीच्या सुमारास या मंडळींत आफ्रिकेचं खूळ शिरलं. तेही साधंसुधं नव्हे, लक्झरी सफारी कॅम्प. म्हणजे जंगल पाहिजे, पण जंगलात गालिचा पाहिजे. तंबू पाहिजे, पण तंबूत पितळी नळाचं स्नानघर आणि चार खांबांचा पलंग पाहिजे. सूर्य मावळताना समोर हत्ती पाणी पीत असावा आणि आपल्या हातात बर्फ घातलेला ग्लास असावा. त्या बर्फासाठी, त्या गरम पाण्यासाठी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथसाठी मागे कोण राबतंय, ते माहितीपत्रकात नसायचं. माहितीपत्रकात सिंह असायचे.

असे कॅम्प विकायचे तर एजंटांनी आधी पाहून यावेत, म्हणून कॅम्पवालेच बोलावतात. शहाऐंशी साली मालिनी अशी झांबियाला जाऊन आली. लुआंग्वा नदीच्या काठी बारा तंबूंचा कॅम्प, मॅनेजर गोरा. तिच्या तंबूची देखभाल करणारा माणूस होता मिस्टर फिरी. वय पंचेचाळीस, तीन मुलींचा बाप, आणि कॅम्पमध्ये सगळे त्याला ‘बॉय’ म्हणायचे. मालिनीने पहिल्याच दिवशी विचारलं, तुमचं आडनाव काय? तेव्हापासून ती त्याला मिस्टर फिरी म्हणायला लागली. ही बाई मांस खात नाही, नुसते उकडलेले बटाटे चिवडतेय, हे त्याने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरून भोपळ्याच्या पाल्याची भाजी घेऊन आला. दाण्याचं कूट घातलेली.

“शैला, अगं डोळे मिटून खाल्ली तर आईच्या हातची,” परत आल्यावर ती मला सांगत होती. “आणि वर मला म्हणतो, मॅडम, मीठ कमी असेल तर माझ्या बायकोला माफ करा.”

त्यानंतर त्या कॅम्पला जाणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतःच्या अक्षरात एक मराठी सूचनापत्र द्यायची. त्यात शेवटी लिहिलेलं असायचं : शाकाहारी असाल तर मिस्टर फिरींना सांगा, ते सोय करतील. आणि सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून : तंबूत खाण्याची कुठलीही वस्तू, विशेषतः फळं, ठेवू नयेत. हत्तींना फळांचा वास मैलावरून येतो.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये सात जोडपी निघाली. पुढारी डॉक्टर प्रल्हाद करंबेळकर. मोठे हार्ट स्पेशालिस्ट, इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचे मार्गदर्शक. त्यांनी “मालिनीताईंकडूनच घ्या” म्हटलं की डझनभर तिकिटं आपसूक यायची. तारखा पाहून मालिनी म्हणाली,

“डॉक्टर, मध्ये गणेशचतुर्थी येतेय. तुमच्याकडे गणपती असतो ना?”

“असतो की. कांचनच्या माहेरची चांदीची मूर्ती आहे, ती बरोबर घेऊ. दीड दिवसाचा तर असतो. कुळाचार म्हणजे कुळाचार, आफ्रिकेत असलो म्हणून काय झालं?”

“पण तंबूत फळं वगैरे ठेवता येणार नाहीत.”

डॉक्टर हसले. “अहो, तुम्ही खाण्याच्या वस्तू लिहिलंय. नैवेद्य म्हणजे काय खाण्याची वस्तू आहे?”

मीही हसले. मला तेव्हा तो विनोद वाटला.

सप्टेंबरात मंडळी परत आली ती चमत्कार घेऊनच. डॉक्टरांनी पंधरा दिवसांत आपल्या बेसमेंटमध्ये स्लाइड शो ठेवला. पन्नासेक माणसं, कांचनवहिनींच्या हातची साबुदाण्याची खिचडी, आणि पडद्यावर एकामागून एक सिंह, जिराफ, डॉक्टर, जिराफ. मग त्यांनी दिवा आणखी मंद करायला लावला आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. चतुर्थीला तंबूत गणपती बसवला. घरून नेलेले तळलेले मोदक आणि नारळ, नाश्त्याच्या टेबलावरून आणलेली पाच फळं, साग्रसंगीत पूजा. संध्याकाळी सगळे जेवणाच्या मंडपात असताना अंधारून येता येता एक हत्ती आला. बारा तंबू होते. तो कुठेही गेला नाही. थेट करंबेळकरांच्या तंबूशी गेला, कापड फाडून आत सोंड घातली आणि नैवेद्य घेतला.

“पलंग मोडला. आरसा फुटला. चौरंग उलटला,” डॉक्टर म्हणाले. “आणि चांदीची मूर्ती? पोचासुद्धा नाही!”

मग ती स्लाइड आली. संधिप्रकाशात हत्तीची पाठमोरी आकृती, अर्धा तंबूत, अर्धा बाहेर. बेसमेंटमध्ये कुणीतरी “मोरया” म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. मालिनीने जोडले नाहीत. ती माझ्या कानात म्हणाली, “फळं आत होती, तर मिस्टर फिरींनी कशी राहू दिली?” मी म्हटलं, “गप्प बस गं.”

चौदा ऑक्टोबरला तिच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टाने आलं.

फिरीचं पत्र होतं. रेघांच्या कागदावर, ठसठशीत अक्षरात, शाळेत शिकवलेल्या इंग्रजीत. त्याने लिहिलं होतं की रोज दुपारी चार वाजता प्रत्येक तंबू तपासून ‘आत अन्न नाही’ म्हणून वहीत सही करायची, हे त्याचं काम. त्या दिवशी त्याला डॉक्टरांच्या तंबूत फळं दिसली. तो म्हणाला, साहेब, मी ही स्वयंपाकघरात नेतो, सकाळी परत आणून ठेवतो. बाई ‘नेऊ दे’ म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, हा आमचा देव आहे, उद्या पूजा संपेपर्यंत इथलं काही हलवायचं नाही, तू हात लावायचा नाहीस. तेव्हा त्याने टोपी काढून देवाला हात जोडले. मॅनेजरला सांगितलं असतं तर पाहुण्यांचा अपमान झाला असता, म्हणून त्याने वहीत सही केली आणि स्वतः तंबूबाहेर राखण करत उभा राहिला. पण जेवणाच्या वेळी वाढायला माणूस कमी पडला, त्याला मंडपात बोलावलं, आणि तेवढ्यात हत्ती आला.

रात्री मॅनेजरने सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, तंबूत फळं कुणी ठेवली? डॉक्टर करंबेळकर म्हणाले, “आम्हाला काय माहीत? तुमच्या बॉयने बास्केट ठेवली असेल.”

बाकीच्या बारा जणांनी, ज्यांनी त्याच तंबूत दुपारी टाळ्या वाजवून आरती म्हटली होती, अळीमिळी गुपचिळी केली. फिरीला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. अकरा वर्षांची नोकरी, नोकरीबरोबर राहती खोली, आणि तिथे राहत होता म्हणून जवळ पडणारी मुलींची शाळा. मॅनेजरने डॉक्टरांची मात्र माफी मागितली आणि पुढच्या वर्षी चार दिवस फुकट राहायचं आमंत्रण दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

हत्तीबद्दल दोन ओळी होत्या. त्याला तंबूतल्या फळांची चटक लागली. तो रोज संध्याकाळी यायला लागला, कोठारघर मोडलं, एका आचाऱ्याचा पाय मोडला. नवव्या दिवशी शिकारखात्याच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या.

पत्राच्या शेवटी मागणं होतं, ते एवढंच : पावसात कॅम्प बंद असतो. पुढच्या हंगामाची माणसं नोव्हेंबरअखेर ठरतात. मी फळं उचलायला सांगितलं होतं, एवढं डॉक्टरांनी एका कागदावर लिहून मॅनेजरला कळवलं, तर मला परत घेतील. त्या तंबूतल्या पाहुण्यांशिवाय दुसऱ्या कुणाचा शब्द तो मानणार नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोऱ्यांसमोर ‘बॉयने ठेवलं असेल’, आणि आपल्या लोकांसमोर ‘गजानन नैवेद्य घेऊन गेला’! देव तोच, फळं तीच, गोष्टी मात्र दोन, आणि दोन्हींत डॉक्टर स्वच्छ. मी फोन उचलला. मालिनीने माझ्या हातातून तो काढून घेतला आणि स्वतः लावला. शांतपणे सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टर म्हणाले, “अरे बापरे. ऑफ कोर्स लिहितो. या वीकएंडला लिहितो.”

तो वीकएंड गेला. पुढचा गेला. दर सोमवारी मालिनी फोन करायची, डॉक्टर दर सोमवारी ‘लिहितो’ म्हणायचे. नोव्हेंबर उजाडला तेव्हा ती मला म्हणाली,

“मी आता त्यांच्या घरी जाऊन बसते. नाहीतर सरळ मंडळात सांगते. सही घेतल्याशिवाय हलणार नाही.”

आता इथे जे घडलं ते नीट लिहायला हवं. डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांची तिकिटं तेव्हा आमच्या टेबलावर होती. एकट्या डॉक्टरांच्या गोतावळ्यातली चाळीस. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारपर्यंत, ती पक्की व्हायची होती. डॉक्टर बिनसले असते तर चाळीसच्या चाळीस दुसऱ्या एजंटाकडे गेली असती. मी म्हटलं,

“मालिनी, जरा दमाने घे. थँक्सगिव्हिंग होऊ दे. तिकिटं निघाली की मग वाट्टेल ते बोल. नोव्हेंबरअखेर म्हणजे काय उद्या आहे का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि पेन्सिलींना टोक काढायला लागली.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी तिकिटं न्यायला डॉक्टर स्वतः आले. पाकिटं कोटाच्या खिशात घातली, थँक यू म्हणाले आणि निघाले. मालिनी दारात जाऊन उभी राहिली.

“डॉक्टर, पत्र.”

“मालिनीताई, बसा जरा. थोडं प्रॅक्टिकली बघा. मी सही केली की मी लायर ठरतो. त्या टेबलावर जर्मन होते, ब्रिटिश होते. आणि जर्सी सिटीत सध्या काय चाललंय, वाचताय ना? कुंकू बघून आपल्या लोकांना मारतायत. अशा दिवसांत मी त्या लोकांना लिहून देऊ, की आम्ही मूर्तीपुढे केळी मांडली आणि माणसाला हात लावू दिला नाही? काय इमेज होईल आपली?”

“मिस्टर फिरी गोरे नाहीत, डॉक्टर. तुमच्या देवाला तिथल्या माणसांपैकी हात जोडले ते फक्त त्यांनी.”

“त्याला दुसरी नोकरी मिळेल. असे लोक मॅनेज करतात,” असं म्हणून डॉक्टर तिच्या बाजूने बाहेर पडले. जर्सी सिटीतली भीती खरी होती, ती मलाही वाटायची. संध्याकाळी गाडीत बसताना मीही कुंकू पुसायचे. पण भीती यांना, आणि शिक्षा त्याला? स्वतःच्या कपाळावरचा डाग दुसऱ्याच्या कपाळाला पुसायचा आणि त्याला इमेज म्हणायचं! मी पाठमोऱ्या डॉक्टरांना मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की माझ्या आजोळी ऐकल्या असत्या तर मला जेवायला वाढलं नसतं. मनातल्या मनात. चाळीस तिकिटं निघाली होती, तरी मनातल्या मनात.

बारा डिसेंबरला मंडळाचा कार्यक्रम होता, एका हायस्कूलच्या सभागृहात. तोवर डॉक्टरांचे घरोघरी सहा स्लाइड शो झाले होते. हा सातवा, सगळ्यांसाठी. स्टेजवर समई, आणि समईशेजारी त्या हत्तीचा फोटो. मोठा करून आणलेला, सोनेरी चौकटीत, त्याला झेंडूचा भलामोठा हार. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. डॉक्टरांची गोष्ट आता चांगलीच बाळसं धरून होती : हत्तीने म्हणे जाताना वळून सोंड उंचावली होती. शेवटची स्लाइड आली, टाळ्या पडल्या, “गणपती बाप्पा मोरया” झालं, दिवे लागले. आणि माझ्या शेजारी मालिनीची खुर्ची मागे सरकली.

“डॉक्टर, एक विचारू? या फोटोला हार कुणी घातला?”

“मंडळाने,” डॉक्टर हसत म्हणाले.

“बरोबर केलंत. गेलेल्याच्या फोटोला हार घालतातच. हा हत्ती सप्टेंबरात गेला. तुमच्या गणपतीनंतर नवव्या दिवशी त्याला गोळ्या घातल्या, तुमच्या नैवेद्याची चटक लागली म्हणून.”

मालिनीने पर्समधून फिरीचं पत्र काढलं आणि वाचायला सुरुवात केली, एक वाक्य इंग्रजीत, मग तेच मराठीत. हात लावायचा नाहीस, हे वाक्य आलं. तुमच्या बॉयने ठेवली असेल, हे आलं. मंडळाचा सेक्रेटरी राजीव लगबगीने तिच्याकडे आला.

“ताई, प्लीज. ही वेळ नाही.”

“वेळ?” तेव्हा तिचा आवाज चढला. असा चढला, की मागच्या व्हरांड्यात खेळणारी पोरं दाराशी येऊन उभी राहिली. “वेळ कधीच गेली, राजीव! सात वेळा ही गोष्ट सांगायला वेळ मिळाला, दोन ओळी लिहायला मिळाला नाही? ज्याने तुमच्या देवासाठी टोपी काढली त्याच्या पोटावर पाय दिलात, आणि वर तुमच्यामुळे मेलेल्या हत्तीची समई लावून पूजा करताय? ही घ्या, मी टाइप करून आणलीत पत्रं. डॉक्टर, एकदा सही करा, आणि तुम्ही बारा जण, तुम्हीसुद्धा करा. आरती म्हणताना तोंड होतं ना तुम्हाला?”

बारा जण आपापल्या बुटांकडे बघत होते. डॉक्टर स्टेजवरून म्हणाले, “ताई इमोशनल झाल्यात. राजीव, त्यांना जरा पाणी दे.”

पाणी आणायला कुणी हललं नाही. पहिल्या रांगेतून कांचनवहिनी उठल्या. उंच, बारीक बाई, कार्यक्रमांत फक्त खिचडी वाढताना दिसणारी. त्या चालत मालिनीपर्यंत आल्या आणि हात पुढे केला.

“पेन द्या.”

“कांचन, खाली बस,” डॉक्टर म्हणाले.

“गणपती माझ्या माहेरचा आहे,” त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. “फळं मी मांडली. तो माणूस उचलतो म्हणत होता आणि मी नेऊ दे म्हणत होते. पुढे मीही गप्प बसले. ते आता पुरे.”

स्टेजवर गेल्या, समईच्या टेबलावर कागद ठेवून सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. मग फोटोचा हार काढून टेबलावर ठेवला आणि फोटो उलटा करून भिंतीला टेकवला. बाकी एकाही माणसाने सही केली नाही.

मध्यंतर झालंच नाही. बटाटेवडे गार झाले आणि आपल्या लोकांची खरी हळहळ त्या वड्यांसाठी. पार्किंगमध्ये मी स्वतः ऐकलं : मालिनीने देवाच्या कार्यक्रमाचा विचका केला, बोलायचं होतं तर प्रायव्हेटली बोलायचं. प्रायव्हेटली! दोन महिने दर सोमवारी ती आणखी काय करत होती?

पत्र सोमवारी टपालात पडलं, सकाळीच टेलेक्सही गेला. त्यानंतर डॉक्टरांच्या गोतावळ्यातलं एकही तिकीट आमच्याकडे आलं नाही. दुपारच्या दुपार फोन वाजायचा नाही. पोस्टमन आला की मालिनी आधी उठायची.

जानेवारीत मॅनेजरचं उत्तर आलं. सभ्य होतं. मिसेस करंबेळकरांचं पत्र मिळालं, फिरीची चूक नव्हती हे मान्य, त्याच्या फाइलमध्ये तशी दुरुस्ती केली आहे. पुढच्या हंगामाची माणसं मात्र नोव्हेंबरच्या तीस तारखेला ठरली. त्याची जागा भरली आहे. हे आधी कळलं असतं तर आनंद झाला असता.

बैल गेला आणि झोपा केला! फाइल दुरुस्त केली म्हणे. फाइलला काय तीन मुली होत्या?

मार्चमध्ये फिरीचं पत्र आलं, झांबियाच्या राजधानीतून, ल्युसाकाहून. तो आता तिथे एका गोदामावर पहारेकरी होता. बायको आणि धाकट्या दोघी गावी, आईकडे. थोरलीची शाळा सुटली होती. फाइल दुरुस्त झाली याबद्दल त्याने मालिनीचे आणि त्या बाईंचे आभार मानले होते. आणि खाली विचारलं होतं : बाईंचा तो लहानसा देव उलटून पडला होता, मला उचलायला मिळाला नाही. त्याला काही लागलं तर नाही ना?

मालिनीने ते मला वाचून दाखवलं आणि घडी घातली.

“शिव्या तरी द्यायच्या होत्या गं त्याने,” ती म्हणाली.

पहिलं पत्र चौदा ऑक्टोबरला आलं होतं. यादी तीस नोव्हेंबरला लागली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा ती उठून डॉक्टरांच्या घरी निघाली होती आणि कुणीतरी तिला चाळीस तिकिटांसाठी खाली बसवलं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. ती तोंड भरून मला बोलली असती तर मी मान खाली घालून ऐकलं असतं, पायसुद्धा धरले असते.

“सात आठवडे होते आपल्याकडे, शैला,” ती म्हणाली. आणि टेलेक्सचा कागद बदलायला उठली.

आपल्याकडे म्हणाली. डॉक्टर करंबेळकरांचा मला राग आहे, त्या बारा जणांचा आहे, गार वड्यांसाठी हळहळणाऱ्या सगळ्या मंडळाचा आहे. पण त्या दिवशी तिने मला दोष दिला नाही, म्हणून माझा मला जेवढा राग येतो, तेवढा कुणाचाच येत नाही.